मगर दिसली नाही तर पैसे परत

धक्क्यावरच्या पाटीवर हे मीच लिहिलं,
निळ्या रंगात; बोट रंगवून डब्यात तेवढाच उरला होता.
कुंभारजुव्याच्या कालव्यात दिवसाला तीन फेऱ्या.
ओहोटीची फेरी सगळ्यात भारी,
तेव्हा चिखल उघडा पडतो
आणि ती उन्हात येऊन पसरते,
कुणी बांधायचं विसरलेल्या होडीसारखी.

पाहुणे विचारतात, समुद्र कुठाय?
सांगतो, बेटावरच आहात, पण हे नदीचं बेट.
इकडे मांडवी, तिकडे जुवारी,
मध्ये आम्ही, मिठाच्या शेजारी भात पिकवणारे.
ते टोप्या सावरतात.
मी खंड्या दाखवतो, घार दाखवतो,
श्वास घ्यायला वर आलेली कांदळाची मुळं दाखवतो.
ते म्हणतात, हो, हो. पण मगर?

परवा नागपूरचा एक मुलगा होता,
सात-आठ वर्षांचा, गळ्यात दुर्बीण.
ती काही आली नाही.
त्याच्या बापाने पाटीकडे बोट केलं,
मी नोटा मोजून दिल्या.
पोर रडलं नाही.
उतरताना एवढंच विचारलं,
ती तुम्हाला ओळखते का?

मी नांगर आवरत राहिलो.

आज पौषातली अमावास्या. फेऱ्या बंद.
खुशालीमामा बांधावर उकिडवा बसून
चिखल थापतोय, मऊ, काळा,
ज्यात पाय घोट्यापर्यंत जातो आणि चप्पल परत येत नाही.
आधी शेपूट, मग पोट, मग तो लांब जबडा.
पाठीवर तिसऱ्यांची शिंपलं, एकाला एक चिकटून,
दातांना माडाच्या झावळीचे हीर.
पोटात पूर्वी कोंबडीचं जिवंत पिल्लू ठेवत.
आता अंडं. ते कोंसेसांव देते,
तिच्या खुराड्यातलं, अजून ऊब असलेलं.
तिचंही शेत याच बांधामागे आहे,
आणि खारं पाणी दार ठोठावताना
आत क्रूस आहे की तुळस, ते बघत नाही.

गेल्या साली मानगेनं म्हाद्याचा कुत्रा नेला.
म्हाद्या दोन दिवस जेवला नाही,
पण दगड उचलला नाही त्यानं.
आजही आलाय. चुरमुऱ्यांची पुडी त्याच्याच हातात.

पाहुणे कोंसेसांवच्याच घरी उतरलेले.
ती त्या पोराला हाताला धरून घेऊन आली, अंड्यासोबत.
मामानं त्याच्याकडे पाहिलं, सरकून जागा दिली,
काही सांगितलं नाही.
पोर दुर्बीण उलटी धरून बघत राहिलं,
तशी ती मातीची मानगे
गेली दूर, दूर, पलीकडच्या काठापर्यंत,
जिथे खरी पडलेली असते.

शेंदूर लागला. फुलं वाहिली. नारळ फुटला.
मामा तिच्या कानाशी वाकून बोलला,
जसं म्हशीशी बोलतात, दूध काढताना:
बांद सांबाळ गे बाये.
पाण्याक सांग, हांगा आमी आसात.
आमच्यातलं कोण चुकून तुज्या वाटेर आयलं, तर सोड.

आणि मला त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं नाही,
पण वाटलं, प्रश्न थोडा उलटा होता.

पोराच्या बापानं जाताना त्याच नोटा पुढे केल्या.
घेतल्या नाहीत.
म्हटलं, ही फेरी नव्हती.
तो तसाच उभा राहिला थोडा वेळ,
बूट चिखलात, नोटा हातात,
मग वाकून त्यानं पडलेले चुरमुरे वेचले
आणि मुलाला दिले अर्धे.

रात्री भरती आली. मानशीची फळी वाजली दोनदा.
अंथरुणातून मोजत होतो:
आता शेपूट गेलं असेल,
आता पोट, आता अंडं सुटून वाहत निघालं असेल,
पांढरं, काळोखात, एकटंच, समुद्राकडे.

सकाळी बांध जागेवर होता.
पहिल्या फेरीला चौघे. त्यातल्या एकीनं विचारलं,
इथे खरंच आहे का हो मगर?
चिखलात एक हीर उभा होता, दातासारखा,
आणि त्याच्या पलीकडे, पाण्याला लागून,
कुणी बांधायचं विसरलेलं काहीतरी.

मी इंजिन बंद केलं.